बुधला हलका होईना

ज्याला गाठ आली आहे आणि जो अजून शुद्धीवर आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. ज्याला आली नाही त्यानंही वाचायला हरकत नाही. हसू आलं तर हसावं, मी रागावणार नाही. मलाही सगळं हसतच लिहायचं होतं, पण दोन-तीन ठिकाणी हात थांबला. ती ठिकाणं तुमच्या लक्षात येतीलच.

मी किसन तेली. लिंबागणेशाहून पायी निघालं तर न्याहारी जिरायच्या आत आमचं गाव येतं. घाणा आजोबांच्या आधीपासून आमच्या घरात आहे. करडई, जवस, तीळ, जे आणाल ते गाळून देतो. तेलाचा बुधला, म्हणजे ते चामड्याचं पोटाळं भांडं, नुसता हातानं उचलला की आत किती पळ्या तेल आहे ते मी सांगतो. एखादी पळी इकडेतिकडे झाली तर मिशी काढीन. हे एवढं ध्यानात ठेवा. पुढे मी जो गाढवपणा केला तो एखाद्या सोनारानं किंवा कोष्ट्यानं केला असता, तर कुणी नावं ठेवली नसती.

उंदीर

गावातला पहिला उंदीर माझ्या घरात पडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घाण्याच्या घरात पेंडीच्या वासानं उंदीर फार, पण ते कधी दिवसा तोंड दाखवत नाहीत. हा भर दुपारी अंगणात आला, पिऊन आल्यासारखा गरगर फिरला आणि आडवा झाला. बीडला गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, चालू आहे, ही बातमी तेव्हा आली होती. मी काय करावं? चुलीतला चिमटा घेतला, उंदीर उचलला आणि गल्लीच्या टोकाला नेऊन टाकला, म्हणजे तो कुणाच्या घरातला हे कळू नये. पुढे ज्यांनी मला फसवलं त्यांच्याबद्दल वाचाल, तेव्हा हा चिमटाही आठवा.

आठवड्यात गल्लोगल्ली उंदीर पडले. मग माणसं पडायला लागली. तहसिलीतून हुकूम आला की गाव खाली करा. आम्ही ओढ्याच्या अलीकडच्या माळावर आलो. तुराट्यांचे कूड, वर कडब्याचं छप्पर, आणि घरागणिक एक झोपडी.

पहिल्याच दिवशी पोलीस पाटलांनी सगळ्यांना बाभळीखाली बसवलं आणि विचारलं की माळावर कुणाला ताप आला तर काय करायचं. मी उभा राहिलो. मी म्हणालो की ताप आला की त्याच घटकेला ओढ्यापलीकडे, मग तो कुणाचाही बाप असो. तिथं एक खोपट घालावं, सोबतीला एकाच माणसानं जावं, बाकी कुणी ओढा ओलांडायचा नाही. लोकांनी माना हलवल्या. पाटील म्हणाले की तेली शहाण्यासारखं बोलला. त्या शहाणपणावर मी दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होतो.

तिसरा हिस्सा

गावात गणपतीचं देऊळ आहे. पुजारी लेकीच्या गावी निघून गेला होता. गाव माळावर आणि देव अंधारात, हे लोकांना बरं वाटेना. रोज मावळतीआधी दिवस कासराभर असताना कुणीतरी गावात जाऊन दिवा लावायचा, असं ठरलं. जाणार कोण?

रंगनाथ उठला. रंगनाथ म्हणजे माझा जिवाचा दोस्त. आम्ही एकाच साली जन्मलो, पंतोजींचा मार एकाच छडीनं खाल्ला. माझ्या लग्नात नवरा कोण हे परक्याला कळू नये इतका तो नाचला होता. शेतकरी माणूस, अंगानं धिप्पाड, बोलणं गोड. त्यानं सुचवलं की तिघांनी पाळी लावून घ्यावी. तो स्वतः, बाबू सुतार आणि मी.

"तीन दिसातून एकदा जायचं," तो मला म्हणाला. "म्हंजे मरणाचा बी तिसराच हिस्सा. वाटून घेतलं की हलकं हुतंय बघ."

मला ते पटलं. मला पटण्याचं खरं कारण वेगळं होतं, तेही सांगून टाकतो. एरवी आम्हा तेल्यांना देवळात उंबऱ्यापर्यंतच जाता यायचं. तेल आमचं, पण ते गाभाऱ्यात नेणारे हात दुसऱ्याचे. आता साथीच्या भयानं उंबऱ्यावर अडवायला कुणी उरलं नव्हतं. मी गाभाऱ्यात जाणार होतो, माझ्या हातानं दिवा लावणार होतो. त्या लोभापुढे तिसरा हिस्सा मला स्वस्त वाटला.

घरी येऊन सरूला, म्हणजे माझ्या बायकोला, हा हिशेब समजावून सांगितला. ती चिमीला, आमच्या पोरीला, भरवत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मरणाचा तिसरा हिस्सा म्हंजे काय हो? गुडघ्याखालचंच मरणार का तुमी?"

मी उठून दिव्यासाठी बुधला भरायला लागलो.

पण मी अगदीच बेफिकीर नव्हतो. माझे नियम होते. आजोबा सांगायचे की करंजाचं तेल अंगाला असलं की किडा-मुंगी जवळ येत नाही. म्हणून पायाला मांडीपर्यंत करंजेल चोपडायचं, धोतर वर खोचायचं, कशाला टेकायचं नाही, बसायचं नाही, शंभर आकडे मोजायच्या आत बाहेर पडायचं, ओढ्यात बुडी मारायची, मग माळावर. सरकारी डागदर शेजारच्या पाली गावात रोगाची लस टोचायला आले तेव्हा सरू स्वतः टोचून आली, चिमीलाही टोचून आणलं. मी त्या दिवशी ज्वारीच्या ताटांत बसून होतो. मेलेल्या गावात जायला मी भ्यालो नाही, सुईला भ्यालो.

वात

रिकामं गाव कुणी बघू नये. आपल्याच गल्लीत आपल्या पावलांचा आवाज मोठा होतो. दारं ओढलेली, चुली गार, आणि पूर्वी ज्या खुडखुडीवर आपण खेकसायचो ती खुडखुडसुद्धा नाही. साऱ्या गावात उंदीर एकच उरला होता, गणपतीपुढचा दगडाचा. पहिल्या दिवशी मी त्याच्याच पाया पडलो. म्हटलं, तू तरी टिकून राहा बाबा.

चाळीस पळ्या करडईचं तेल भरलेला बुधला मी गाभाऱ्यात आधीच नेऊन ठेवला होता. दिव्यात रोज दोन पळ्या घालायच्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळतात, म्हणजे जाणाऱ्याला दिवा विझलेलाच दिसणार. तसा तो मला दर वेळी विझलेलाच दिसला. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

शंका घ्यायची होती ती वातीची. मी डावखुरा आहे, माझ्या वातीचा पीळ उलटा पडतो. दर तीन दिवसांनी मी जायचो तेव्हा दिव्यात जळून उरलेलं वातीचं टोक उलट्या पिळाचं असायचं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, रंगनाथ आणि बाबू माझं बघून शिकले. मला त्यांचं कौतुक वाटलं.

दहाव्या दिवशी माझी चौथी पाळी होती. बुधला कलंडवायला उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. नऊ दिवस झाले होते. अठरा पळ्या जळायला हव्या होत्या, आत बावीस उरायला हव्या होत्या. हात सांगत होता, चौतीस. मी खाली ठेवला, पुन्हा उचलला. चौतीस. तेल्याचा हात खोटं सांगत नाही.

आता ज्याला डोकं आहे त्यानं सहा पळ्या भागिले दोन केलं असतं. मी साष्टांग नमस्कार घातला.

शंभरचा आकडा विसरलो, ओढ्यातली बुडी विसरलो, धोतर आवरत माळावर पळत आलो आणि बाभळीखाली ओरडलो की बुधला हलका होईना, देव स्वतः तेल पुरवतोय. बायका रडल्या. म्हातारे उठून उभे राहिले. पाटलांनी रंगनाथला विचारलं की तुला काही जाणवलं का.

रंगनाथनं डोळे मिटले. "मी परवाच बघितलं," तो म्हणाला. "बोललो न्हाई. देवाचं काम, आपण बोलून दाखवावं कशाला?"

बाबू सुतारानं मान खाली घालून हात जोडले. मला वाटलं, काय भाविक माणूस.

त्या दिवसापासून माझे नियम गेले. देव पाठीशी असताना करंजेल कशाला? मी देवळात बसायला लागलो. झाडलोट करायला लागलो. एकदा तर खांबाला टेकून दुपारची झोप काढली. पायाला बारीक बारीक चावे आले, ते खाजवत उठलो. आता सांगतात की मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि त्यातून रोग येतो. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पुढे रंगनाथ म्हणाला की तुझ्यावर देवाची मर्जी हाय, माझी पाळी बी तूच घे. मी घेतली. वर त्याचे आभार मानले.

चाल

त्या दिवशी सकाळी डोकं असं दुखत होतं की जणू घाण्याची लाट, ते फिरतं जाड लाकूड, माझ्याच कवटीत फिरते आहे. जांघेत सुपारीएवढं काहीतरी लागत होतं. मी स्वतःला सांगितलं की बसून बसून शीर धरली आहे. मग सांगितलं, केसतूड असेल. मग सांगितलं, बाभळीचा काटा मोडला आणि त्याची सूज जांघेत आली. तासाभरात मी एका गाठीला तीन रोग लावले, फक्त खरा सोडून. सरूला म्हणालो की लाकडं उचलताना उसण भरली. मी त्या आठवड्यात एक काटकीही उचलली नव्हती, हे तिला माहीत होतं. तिनं चिमीला उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं. तेवढ्यावरून मला कळलं की तिला कळलं आहे.

मी बाहेर पडलो ते माणसांत मिसळायला, म्हणजे आपण बरे आहोत असं वाटेल. समोरून इमामभाई पिंजारी आले. बीडला होते तेव्हा त्यांना गाठ येऊन गेली होती आणि ते वाचले होते. माळावर लोक त्यांना थोडे बिचकून असत.

"क्या बे किसन, पी के आया क्या?" ते म्हणाले.

मी म्हणालो, नाही.

"मग चाल बघ तुजी."

मी मागं वळून माझी पावलं बघितली. मातीत उमटलेली ती ओळ नागाच्या वाटेसारखी वळवळत गेली होती. मला तो अंगणातला उंदीर आठवला. मी खाली बसलो.

ज्याला हा दिवस आला असेल त्याला एवढंच सांगतो. त्या क्षणी भीती वाटते ती मरणाची नसते, ती पुढे येते. आधी लाज वाटते. सगळ्यांसमोर चोरी पकडल्यासारखी. मला आठवतं, मी इमामभाईंना म्हणालो की कुणाला सांगू नका.

पण नियम माझाच होता. ताप आला की त्याच घटकेला ओढ्यापलीकडे. पाटलांना तो मोडवेना, कारण तो मांडणारा सगळ्यात शहाणा माणूस होता. सरू सोबत यायला निघाली. मी तिला चिमीची आण घातली. ती थांबली, पण जे बोलली ते मला गाठीपेक्षा लागलं. ती म्हणाली, "देवाकडं जाताना इचारलं न्हाई, आता आण घालता."

इमामभाईंनी त्यांची घोंगडी खांद्यावर टाकली. "चल, मी येतो. मला एकदा हून गेलंय. आता ती मला वळखती, वाट सोडून जाती."

मी ओढ्यात उतरताना माळावरच्या गर्दीत रंगनाथला शोधत होतो. तो दिसला तेव्हा पाठमोरा होता. झोपडीचा कूड उपटत होता. माझ्या झोपडीशेजारची जागा सोडून तो पार दुसऱ्या टोकाला जात होता. त्याची लहान लेकरं आहेत, म्हणून मी मनात त्याची बाजू घेतली. माझा एवढा चांगला वकील त्याला कुठं मिळाला असता?

ओढ्यापलीकडे

खोपटातली दिनचर्या सांगतो. उजाडलं की इमामभाई कडूलिंबाच्या डहाळ्या बदलत. मग जवसाची पेंड शिजवून तिचं पोटीस गाठीवर बांधत. ती माझ्याच घाण्याची पेंड होती. जन्मभर जी मी जनावरांना विकली ती आता माझ्या जांघेत बांधली जात होती, आणि जनावरासारखा मी ओरडतही होतो. मग कण्यांची पेज. त्यांच्या हातचं पाणी मी प्यालो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की चालेल ना. मी म्हणालो, आता न चालायला काय उरलंय. नंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जेवण सरू आणायची. ओढ्याच्या मधोमध एक सपाट खडक आहे. त्यावर ती गाडगं ठेवायची, मागं जायची, मग इमामभाई उतरून घेऊन यायचे. आमचं बोलणं व्हायचं ते ओढ्यावरून ओरडून. त्यामुळे नवरा-बायकोत काही खासगी उरलं नाही. मला काल शौचाला किती वेळा झालं, हे सगळ्या माळाला तोंडपाठ असायचं. एकदा ती ओरडली की आज कशी हाय गाठ. मी उत्तर द्यायच्या आत पलीकडून कुणीतरी म्हातारी ओरडली की कालपरीस मोठी हाय म्हणं.

मधल्या दिवसांचं मला फार आठवत नाही. इमामभाई सांगतात की मी पळ्या मोजत होतो. चौतीसपर्यंत यायचो आणि परत एकपासून. भीती तेव्हा भेटली. ती माझ्या पायाशी बसायची आणि काही करायची नाही. पहाटे चिमीच्या रडण्याचा आवाज ओढ्यावरून आला की बरं वाटायचं, रडते आहे म्हणजे आहे.

मग एके दिवशी गाठ फुटली. जे काय निघालं त्याचं वर्णन नको. इमामभाईंनी ते धुतलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "गेली ती. रुसून गेली." मी रडलो. ते पिंजाऱ्याच्या हातांनी माझं कपाळ चोळत राहिले, कापूस चोळतात तसं, हळूच.

बरं व्हायला लागलो तशी एक बातमी कानावर आली. गाव परत जायला निघालं होतं. येत्या सोमवारी. माळावर थंडी होती, लेकरं खोकत होती, आणि कुणीतरी म्हणालं की देव स्वतः तेल पुरवतोय त्या गावात आपण जायला कशाला भ्यायचं. किसन आजारी पडला खरा, पण मेला का? न्हाई. मग झालं तर. सगळ्यांनी गाठोडी बांधायला घेतली. सरूनंही. माझं घर देवळामागं आहे, आणि पहिला उंदीर त्याच घरात पडला होता.

रंगनाथ

शनिवारी दुपारी रंगनाथ ओढ्याच्या माळाकडच्या काठावर आला. मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. माळावरची माणसं लांब होती. तो इतका हळू बोलत होता की मला काठापर्यंत सरकत जावं लागलं. इमामभाई मागं चूल फुंकत होते.

तो म्हणाला की एक काम कर. सकाळी सगळ्यांना सांग, गणपती सपनात आला आणि म्हणाला की एवढ्यात गावात येऊ नका. तुझं लोक ऐकतील, चमत्कार तूच बघितलास.

मी विचारलं, "का रं? तू तर देवाची करणी डोळ्यांनी बघितलीस. तुला कसली भीती?"

तो पायानं वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, "बे किसन, आमी गेलतोच कुठं आत?"

मला आधी समजलं नाही. त्यानं मग सांगितलं. तो आणि बाबू वेशीबाहेरच्या लिंबापर्यंत जायचे. तिथं बसायचे, तमाखू मळायचे, आणि वेळ झाली की परत यायचे. पहिल्या दिवसापासून. दोघांनी आधीच ठरवलं होतं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला गाभाऱ्यात जायची लई हौस हुती," तो म्हणाला. "म्हनलं, जाऊ दे. एक जातोय ते बास हाय."

हात थांबतो तो इथं. चौतीस पळ्यांचं कोडं मला तिथं, ओढ्याच्या काठावर, एका झटक्यात सुटलं. उलट्या पिळाच्या वातीचंही. दिवा लागला होता तो फक्त माझ्या पाळीला. मग आठवलं की मी बाभळीखाली ओरडत होतो तेव्हा हा डोळे मिटून उभा होता. तेव्हा एक शब्द बोलला असता तर मी करंजेल सोडलं नसतं, देवळात झोपलो नसतो. आणि त्यानंतर यानं स्वतःची पाळी मला दिली. तो जायचाच नव्हता त्या पाळीला मी दोनदा गेलो.

मी म्हणालो की मी सकाळी हेच सांगतो, जसं झालं तसं.

"सांग," रंगनाथ म्हणाला. आवाज गोडच होता. "मी म्हनीन, तापात बरळतोय. बाबू बी म्हनंल. मग लोक सोमवारी जातील. तुजी सरू बी जाईल."

तो गेला. इमामभाईंनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तो हरामी हाय. पन आत्ता खरं बोलला."

सपन

रविवारी सकाळी मी इमामभाईंच्या खांद्यावर हात टाकून काठावर उभा राहिलो. सरूला हाक मारली, म्हणजे सगळा माळ जमला. गर्दीत पुढे रंगनाथ, त्याच्यामागे बाबू सुतार.

मी सांगितलं की देव सपनात आला होता. मागचे टाचा उंचावून ऐकायला लागले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या घडीला मी जे बोलेन ते हुकूम आहे. ओठांवर वाक्य तयार होतं, की देव म्हणाला, गाव माळावर राहू द्या, पण रंगनाथनं रोज एकट्यानं गावात जावं आणि माझा दिवा लावावा. एवढं एक वाक्य. लोकांनी त्याला ढकलत नेला असता. मी ते वाक्य रात्रभर घोळवून तयार केलं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते फार गोड लागत होतं.

मी रंगनाथकडे बघितलं. त्याला कळलं. धिप्पाड माणूस, पण त्याचे ओठ पांढरे पडले. त्याच्या धोतराला धरून त्याची धाकटी उभी होती, चिमीच्या वयाची.

मरणाचा हिस्सा दुसऱ्याला वाटता येतो, हे मला तेव्हा कळलं. तो कसा वाटतात हेही मी त्याच्याकडूनच शिकलो होतो.

मी ओरडलो, "देव म्हनाला, एवढ्यात कुनी गावात यायचं न्हाई. दिवा लावायला बी न्हाई. मला अंधार चालतो."

सगळ्या सपनात तेवढंच खरं होतं. तीन दिवसांतले दोन दिवस देव अंधारातच बसला होता आणि त्यानं कधी तक्रार केली नव्हती.

सगळ्यात आधी हात जोडले ते रंगनाथनं.

नंतर

गाव ऊन तापेपर्यंत माळावर राहिलं. मग घरांची छपरं उघडून उन्हं आत घेतली, धूर केला, सारवलं आणि हळूहळू आत गेलो. सरू आणि चिमी वाचल्या. बाबू सुतार माळावरच गेला, दोन दिवसांच्या तापानं. तो गावात एकदाही शिरला नव्हता. त्याच्यावर रागावायचं माझं राहून गेलं. कुठं किती धोका आहे हे मोजण्यात आम्हा तिघांतल्या कुणाचंच माप बरोबर निघालं नाही.

सरूला मी खरं सांगितलं ते घरी आल्यावर, दार लावून. ओढ्यावरून ओरडायची गरज नव्हती हे त्या घराचं पहिलं सुख. तिनं चुलीत दोन काटक्या सारल्या. मग म्हणाली, "वात तरी बघायची हुती. तुमच्यासारखी वाकडी वात दुसरं कोन वळतंय?"

ज्याला आज गाठ आली आहे त्याला माझं सांगणं थोडंच आहे. पोटीस गरम बांधा. लाजू नका, लवकर सांगा. टोचायला आले तर ज्वारीत बसू नका. आणि कुणी म्हणालं की धोका आपण वाटून घेऊ, तर एकदा त्याच्या मागोमाग जाऊन बघा तो लिंबाखाली बसतो का.

रंगनाथ आजही गावात आहे. बुधल्याची गोष्ट तो फार रंगवून सांगतो. पालीच्या जत्रेत मी ती स्वतः ऐकली. त्यात तो गाभाऱ्यात उभा असतो, बुधला उचलतो आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागतात. लोक त्याच्या पाया पडतात. एकदा त्यानं मला गर्दीत बघितलं आणि म्हणाला, विचारा आमच्या किसनला. मी मान हलवली. माफी त्यानं कधी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही, कारण मागितली असती तर मला ती द्यावी लागली असती.

महिन्याला तो तेलाला येतो. मी पळी काठोकाठ भरून देतो, मापात कधी खोट करत नाही. भांडं हातात घेऊन तो दर वेळी विचारतो, "किसन, पुरंल का रं हे महिनाभर?"

"जाळलंस तर संपंल," मी म्हणतो.